निरोप आधी कोणाचा?

२६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. उपनगरांतील वीज गेली आणि तिच्यामागोमाग दूरध्वनी व मोबाइल यांची यंत्रणाही बऱ्याच भागांत निकामी झाली. हजारो माणसे कचेऱ्यांत, शाळांत, बसगाड्यांत अडकून पडली होती. त्यांतील अनेकांच्या हाती फोन होता. परंतु घरी निरोप धाडावयाचा तर मार्ग नव्हता. शेजारच्या बसमधील उतारूजवळही तसेच यंत्र होते आणि दोहोंमध्ये पन्नास हातांचेही अंतर नव्हते. तरीही दूरच्या मनोऱ्याने मध्यस्थी केल्यावाचून ती दोन यंत्रे एकमेकांशी बोलू शकत नव्हती.

मनोऱ्याविना यंत्रांनी परस्परांतच साखळी जोडावी आणि एकाचा निरोप दुसऱ्याने, दुसऱ्याचा तिसऱ्याने पुढे सरकवावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने १९७३ मध्येच अशा बिनतारी जाळ्याचे प्रयोग आरंभिले होते. पुढे १९९७ मध्ये, इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ने या विषयासाठी स्वतंत्र गट नेमला. या जाळ्यांना ‘ॲड हॉक’ असे नाव पडले आहे. ॲड हॉक नेमणूक म्हणजे काय हे आपल्याकडील शिक्षकांस आणि कारकुनांस समजावून सांगण्याची गरज नाही. आज आहे, उद्या असेलच असे नाही. काम मात्र कायम माणसाइतकेच अपेक्षित! या जाळ्यातील प्रत्येक यंत्राची स्थिती नेमकी तशीच असते.

आजच्या फोनमध्ये ब्लूटूथ आणि वाय-फाय या दोन्ही सोयी असल्याने ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या निदर्शकांनी, सरकार इंटरनेट तोडील या धास्तीने, ‘फायरचॅट’ नावाचे असे साधन आपल्या फोनांत घेतले होते. तेव्हापासून पूर असो वा भूकंप, मनोरे पडले तरी चिंता नको, फोनच फोनांना सांभाळून घेतील, असे आश्वासन अधूनमधून ऐकू येते. निरोप जाऊ शकतो, एवढ्यापुरते ते खोटे नाही. परंतु तो किती वेळात जाईल, पुरता जाईल की अर्धवट, आणि हजार निरोप एकाच वेळी निघाले तर त्यांतला कोणता आधी पोहोचेल, यावर त्या आश्वासनाची किंमत ठरावयाची. सेवेची गुणवत्ता म्हणतात ती हीच.

तारेच्या जगात ही हमी देणे तुलनेने सोपे असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार बोलणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचले तर संभाषण सुरळीत चालते. तार जागची हलत नाही आणि तिची क्षमता ठाऊक असते. तेव्हा तिचा एक हिस्सा या संभाषणासाठी राखून ठेवता येतो. हवेचे तसे नाही. हवा सर्वांची सामाईक. एका रांगेत उभे राहून माणसे घमेली पुढे देतात, तेव्हा दहा घमेली एकाच वेळी हातांत असू शकतात. बिनतारी साखळीत मात्र दुसरा तिसऱ्याला देत असताना पहिल्याने हात आखडून उभे राहावयाचे असते; अन्यथा दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून निरोप नासतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की अशा लांब साखळीतून आदर्श परिस्थितीतही मूळ क्षमतेचा चौथा हिस्साच हाती लागतो. आणि वाय-फायच्या प्रचलित नियमांनी चालले तर जेमतेम सातवा.

याहून निराशाजनक निष्कर्ष त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाला होता. मद्रासच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेले पी. आर. कुमार आणि त्यांचे सहकारी पीयूष गुप्ता यांनी २००० साली गणिताने सिद्ध केले, की जाळ्यात यंत्रे जसजशी वाढतात तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा हिस्सा घटत जातो. यंत्रे शंभरपट झाली, तर एकेकाचा वाटा दहाव्या हिश्शावर किंवा त्याच्याही खाली येतो. माणसे जास्त म्हणजे वाहक जास्त आणि म्हणून जाळे बळकट, हा जो सर्वसामान्य समज आहे त्याला यामुळे मोठाच तडा जातो. वाहक वाढतात तसे निरोपही वाढतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःपेक्षा परक्याचेच ओझे अधिक होते.

तथापि संशोधक हातावर हात ठेवून बसले नाहीत. कोलंबिया विद्यापीठातील ‘इन्सिग्निया’ या पद्धतीत निरोपाबरोबरच वाटेतील प्रत्येक यंत्रावर जागा राखण्याची सूचना जाते आणि ती वारंवार ताजी केली नाही तर आरक्षण आपोआप रद्द होते. युक्ती चांगली आहे. परंतु येथे आरक्षण रेल्वेच्या शायिकेसारखे नसते. शायिका आपल्या नावावर राहते आणि डबाच दुसऱ्या गाडीला जोडला जातो! मधला माणूस फोन खिशात घालून चालू लागला की वाट मोडली. म्हणूनच त्याच विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘स्वान’ या योजनेने प्रत्येक संभाषणासाठी स्वतंत्र आरक्षण करण्याचा नाद सोडून दिला. तातडीचे नाही त्याचा वेग आवरावयाचा आणि तातडीचे नवे संभाषण सुरू होण्यापूर्वीच वाटेत जागा आहे की नाही ते पाहावयाचे. नसेल तर स्पष्ट नकार द्यावयाचा. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत प्रामाणिक विचार तोच आहे. सर्वांना होकार देणारे जाळे कोणालाच सेवा देत नाही.

परंतु नकार कोणाला, हे ठरवावयाचे कोणी? ट्रंक कॉलच्या दिवसांत ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा पायऱ्या असत. अर्जंटला जादा दर पडे, म्हणून माणूस दहादा विचार करी; शिवाय मध्ये एक्स्चेंजमधील ऑपरेटर बसलेला असे. वाय-फायच्या ८०२.११ई या २००५ च्या नियमावलीतही आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि सावकाशीचे असे चार वर्ग केलेले आहेत. फरक इतकाच, की ॲड हॉक जाळ्यात ऑपरेटर नाही आणि जादा दरही नाही. आपला निरोप कोणत्या वर्गातला हे ज्याचे त्यानेच सांगावयाचे. संकटाच्या वेळी कोणता माणूस आपला निरोप सावकाशीचा आहे म्हणून सांगेल?

दुसऱ्याचे ओझे फुकट का वाहावे, हाही प्रश्न आहेच. कारण प्रत्येक निरोपागणिक वाहणाऱ्याची बॅटरी झिजते आणि पुराच्या रात्री ती पुन्हा भरण्याची सोय नसते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० साली, शेजारी निरोप पुढे देतो की गिळून टाकतो यावर पाळत ठेवणारा राखणदार सुचविला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील मंडळींनी तर ‘नगलेट’ नावाचे काल्पनिक चलनच काढले: दुसऱ्याचा निरोप वाहून ते कमवावे, स्वतःचा धाडताना ते खर्चावे. आपल्या खेड्यांतील सावडीचा हिशेब याहून निराळा नव्हता. मात्र सावड चालते ती दोघांनाही उद्या त्याच शिवारात राहावयाचे असते म्हणून. अडकलेल्या बसमधील उतारूंची गाठ पुन्हा पडेलच असे नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे मागणीच आटोक्यात आणावी. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात आणि दूरध्वनीच्या पारंपरिक पद्धतीतील एका सेकंदाच्या आवाजाला ८००० बाइट लागतात. ‘अमुक जागी आहे, सुखरूप आहे’ असे पन्नासांहून अधिक निरोप एका सेकंदाच्या बोलण्याच्या जागेत जातात. संकटकाळच्या जाळ्यात बोलणे आणि चलच्चित्र यांना मुळीच थारा देऊ नये, हे मत कठोर वाटेल. पण वरील हिशेब पाहिल्यावर दुसरे मत कसे व्हावे हे मला समजत नाही. दुसरे, विलंब सोसण्याची तयारी असेल तर क्षमता वाढते. ग्रोसग्लाउझर आणि त्से यांनी २००१ मध्ये हे गणिताने मांडले. आपण ते एस.टी.च्या ड्रायव्हरकडे शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा देताना कधीच मान्य केलेले होते! या शतकाच्या प्रारंभी कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर येथे ‘डाकनेट’ या प्रयोगाने बसमध्येच एक पेटी बसवून खेड्यांची माहिती तालुक्याला व तालुक्याची खेड्यांना पोहोचविली होती. पूरग्रस्त भागात फिरणाऱ्या नावा आणि मदतीच्या मालमोटारी यांवर अशा पेट्या का असू नयेत?

उरतो तो क्रमाचा प्रश्न, आणि तो अभियंत्यांवर सोपवून मोकळे होणे योग्य नाही. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम २० ने, आपत्तीच्या वेळी बचाव व पुनर्स्थापनेच्या कामासाठी अधिकृत केलेल्या व्यक्तींचे संदेश अग्रक्रमाने जावेत अशी व्यवस्था करण्याचा अधिकार शासनाला दिला आहे. (त्याच कलमाने सेवा बंद पाडण्याचाही अधिकार दिलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.) आपत्तीत बचाव पथकाचा संदेश आधी जावा यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु ही व्यवस्था परवानाधारक कंपन्यांच्या यंत्रणेमार्फत चालावयाची. जेथे मनोराच उरला नाही आणि निरोप नागरिकांच्या खिशांतील फोनांवरून चालला आहे, तेथे हे अग्रक्रम कोणाच्या हुकमाने पाळले जाणार? ज्याच्या बॅटरीवर अधिकाऱ्याचा संदेश पुढे जावयाचा, त्या नागरिकाचे स्वतःचे ‘वाचवा’ हे दोन ओळींचे बोलावणे त्या संदेशाच्या मागे रांगेत उभे राहणार काय? शासनाने व फोन बनविणाऱ्यांनी एकत्र बसून, अडकलेल्या माणसाच्या पहिल्या निरोपासाठी जाळ्याचा एक लहानसा हिस्सा कोणाच्याही अग्रक्रमाबाहेर राखून ठेवावा आणि तो नियम लोकांना आधी जाहीर करावा. महापालिका पावसाळ्यापूर्वी नाल्यांची यादी काढतात. कोणत्या निरोपाला कोणता क्रम, याची यादी मात्र अजून कोठे लागलेली पाहण्यात नाही.