रोजची सर्दीची गोळी : किती दिवस?

पाऊस ओसरला की रस्त्याच्या कडेला गाजरगवत फुलते, खळ्यावर मळणी सुरू होते आणि घरोघरी दिवाळीची झाडलोट निघते. त्याच सुमारास दवाखान्यात शिंकणाऱ्यांची गर्दी वाढते. यातील पुष्कळजण आधी मेडिकलमध्ये जाऊन आलेले असतात. "सर्दीची ती गोळी द्या" एवढे म्हटले की मिळते. कोणी ती महिनाभर घेत असतो, तर कोणी वर्षभर. ही सवय आता थांबायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही सर्दी कोणती ते पाहू. विषाणूंमुळे होणारी साधी सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी होते. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, पाण्यासारखे गळणारे नाक, नाकाला व डोळ्यांना खाज, अंगात ताप नाही आणि हा त्रास आठवडेच्या आठवडे चालू, असे असेल तर ती बहुधा अ‍ॅलर्जीची सर्दी असते. धूळ, परागकण, बुरशी, गादीतील सूक्ष्म किडे यांचे नाकाला वावडे असते.

यावर सर्रास घेतली जाणारी गोळी म्हणजे दोन औषधांचे मिश्रण आहे. मोठ्या माणसांच्या गोळीत लिव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम व माँटेलुकास्ट १० मिलिग्रॅम असते. पहिले औषध हिस्टामिनला अडवते, त्यामुळे शिंका, खाज व नाक गळणे कमी होते. दुसरे ल्युकोट्राइन या द्रव्यांना अडवते, त्यामुळे नाकाची सूज उतरायला मदत होते. योग्य रुग्णाला, योग्य मुदतीसाठी दिली तर गोळी उपयोगी आहे. परंतु दोन औषधे एकत्र म्हणजे दुप्पट गुण, हा समज चुकीचा आहे. बऱ्याच रुग्णांचे काम एकट्या लिव्होसेट्रिझिनने भागते. सतत नाक चोंदत असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा अधिक गुणकारी ठरतो. 'स्टिरॉइड' शब्दाने घाबरू नये. या फवाऱ्याचे औषध मुख्यतः नाकापुरतेच काम करते. मात्र पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, तेवढा धीर हवा.

आता धोक्याकडे वळू. माँटेलुकास्टमुळे काही थोड्या रुग्णांत, त्यातही मुलांत, भयानक स्वप्ने, झोपमोड, चिडचिड, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसले आहेत. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतील इशारा छापायला लावला. इतर औषधांनी गुण येत नसेल तरच अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी ते वापरावे, असा सल्लाही दिला. आपल्याकडे मात्र अनेकदा तेच पहिल्या दिवसापासून सुरू होते! मूल एकाएकी हट्टी झाले, रात्री दचकून उठू लागले, तर आपण दृष्ट काढतो, अभ्यासाचा ताण म्हणतो. गोळीची शंका कोणाला येत नाही. असा बदल दिसला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे.

लिव्होसेट्रिझिनने काहींना गुंगी येते. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळपर्यंत राहू शकते. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल चालवणाऱ्यांनी व मळणीयंत्रावर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. सोबत दारू घेतली तर धोका आणखी वाढतो. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्रा कमी करावी लागते, फारच निकामी असल्यास ते द्यायचेच नसते. जुन्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रुग्णांनी म्हणूनच परस्पर घेऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते. शिवाय हे औषध महिनोन् महिने रोज घेऊन बंद केल्यावर काहींच्या अंगाला तीव्र खाज सुटते, असा इशारा त्याच खात्याने मे २०२५ मध्ये दिला. असे क्वचितच घडते, पण खाज सुटली म्हणून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो आणि चक्र चालूच राहते.

गोळी घ्यावी लागलीच तर काही पथ्ये पाळा. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मात्रा, सांगितले तेवढेच दिवस. सोबत दुकानातून सर्दीची दुसरी गोळी घेऊ नका. तिच्यातही बहुधा गुंगी आणणारे औषध असते. मोठ्यांची गोळी मोडून मुलांना देऊ नका. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आधी विचारावे. दम्याचा झटका आल्यावर ही गोळी कामाची नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला झटक्याचा पंपच हवा. मात्र दम्यासाठी माँटेलुकास्ट चालू असेल आणि वरीलसारखा त्रास नसेल, तर हा लेख वाचून ते परस्पर बंद करू नका.

बिनखर्चाचे उपायही कमी नाहीत. मळणी आणि झाडलोट करताना नाकातोंडाला फडके बांधा. कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास आराम पडतो. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, रक्त येणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा छातीत घरघर असेल तर वेळ दवडू नये.

औषधविक्रेत्यांना विनंती आहे की चिठ्ठी पाहिल्याशिवाय ही गोळी देऊ नये, आणि पट्टी अशी कापू नये की औषधाचे नाव व मुदतीची तारीखच जाईल. डॉक्टरांनीही चिठ्ठीवर 'किती दिवस' हे ठळक लिहावे. आणि वाचकहो, आपल्या घरातील औषधांचा डबा आज उघडून पाहा. नाव नसलेला पट्टीचा तुकडा सापडला, तर तो पुढच्या शिंकेसाठी जपून ठेवू नका.