कार्डावर नसलेला रकाना

२०२४च्या डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केस मुठीत आणि तीन-चार दिवसांत डोके तुळतुळीत. बाया, पोरी, कॉलेजात जाणारी मुले, कोणी सुटले नाही. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली होती. वाहिन्यांनी तोवर ‘टक्कल व्हायरस’ असे बारसेही उरकून टाकले. विषाणूचा कुठे पत्ता नव्हता, पण नाव चिकटले, आणि त्या नावापायी या गावांशी सोयरीक करायला लोक कचरू लागले. केसांपेक्षा ते जास्त लागले.

मग गाड्या आल्या. आरोग्य खात्याची, पाणीपुरवठ्याची, पुढे दिल्लीहून आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांची. कोणी रक्त घेतले, कोणी डोक्याच्या कातडीचा तुकडा, कोणी विहिरीचे पाणी, कोणी कोठीतले धान्य. पहिला संशय पाण्यावर गेला, कारण पाण्यात नायट्रेट आणि विरघळलेले क्षार भरपूर निघाले. खारपाणपट्ट्यात ते निघणारच. तेव्हा गावातल्या एका आजीने विचारलेला प्रश्न आमच्या कानावर आला: ‘‘पानी त माह्या लग्नापासून खारंच हाय. मंग केस आताच काऊन गेले?’’

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर हा पट्टा पसरला आहे. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या खोलगट भागात नदीने शेकडो फूट गाळ आणून टाकला आणि त्या गाळात खारे पाणी अडकून बसले. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागते. पण ते पिकाला दिले की जमीन बिघडते. पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण फुगून सुटे होतात, मातीतली छिद्रे बुजतात. पावसाळ्यात अशा जमिनीत पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून इथला शेतकरी पाण्यावर उभा राहूनही कोरडवाहू आहे: कपाशी, तूर, मूग आणि थंडीत ओलीवर येणारा हरभरा. आपल्याच जिल्ह्यात लोणारचे खारे पाणी पाहायला जगभरातून माणसे येतात, त्या सरोवराला २०२० साली रामसरचा दर्जाही मिळाला. आमच्या विहिरींचे खारे पाणी पाहायला मात्र केस गळेपर्यंत कोणी आले नव्हते.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात नव्हते. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते गव्हात शोधले. या गावांत पोचलेला रेशनचा गहू त्यांनी तपासून घेतला, तर त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतल्यावर १३.६१. म्हणजे ते दाण्यावर बसलेले नव्हते, दाण्यात मुरलेले होते. इथल्या गव्हाशी तुलना केली तर फरक सुमारे ६०० पटींचा, असे त्यांनी सांगितले. बाधितांच्या रक्तात, लघवीत, केसांतही सेलेनियम चढलेले आणि जस्त उतरलेले.

हिशेब साधा आहे. दिवसाला ३०० ग्रॅम कणीक पोटात गेली तर अशा गव्हातून ४ मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जाते; मोठ्या माणसाला ०.४ मिलिग्रॅम ही वरची हद्द मानतात. शरीराला सेलेनियम लागते, पण चिमटीभराच्याही कितीतरी कमी. जास्त झाले की ते गंधकाची जागा बळकावते आणि केस नि नखे यांचे प्रथिन तर गंधकावरच उभे असते. एप्रिलमध्ये याच भागात काहींची नखे ठिसूळ होऊन गळाल्याच्या बातम्या आल्या. चीनच्या एन्शी भागात १९६०च्या दशकात हेच झाले होते, केस आणि नखे दोन्ही.

बावस्करांच्या मते हा गहू पंजाब-हरियाणाकडचा. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांना कित्येक दशके ठाऊक आहे. शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या गाळाचा तो गुण. त्यात तिथल्या शेतकऱ्याचा दोष काडीचाही नाही, जसा आमच्या खाऱ्या पाण्यात आमचा नाही. फक्त आपापल्या मातीची खोड आपापल्या गावात राहायची, ती आता पोत्यात भरून हजार मैल जाते.

आणि हा गहू ताटात का येतो? कारण ताटातली भाकरी गेली. आमच्याकडे प्रकट दिनाला गजानन महाराजांना नैवेद्य ज्वारीच्या भाकरीचा, पिठल्याचा, अंबाडीच्या भाजीचा. घरात मात्र रोज पोळी. ज्वारी राखायला पाखरे हाकलावी लागतात, रानडुकरे नासधूस करतात, मजूर मिळत नाही आणि सोयाबीनचे पैसे हातात लवकर येतात. शेतकऱ्याने हिशेबानेच ज्वारी सोडली, त्याला भाकरीचे गोडवे ऐकवण्यात अर्थ नाही. पण एकाच धान्यावर, एकाच पोत्यावर आख्खे गाव जगू लागले की त्या पोत्यातले वैगुण्य आख्ख्या गावाला भोवते, एवढे तरी या प्रकरणातून दिसले.

आता मूळ मुद्दा. माती आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेवर १२ रकाने: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. सेलेनियम नाही, हे एक वेळ समजू शकते. पण मातीला चिकटलेला सोडियमही नाही! ज्या एका गोष्टीने पूर्णाकाठची जमीन चोपण होते, तिलाच रकाना नाही. सामूवरून अंदाज बांधता येतो, पण अशी जमीन सुधारायला जिप्सम किती टाकायचे हे अंदाजाने ठरवले तर पैसा मातीत जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सेलेनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम अशी स्पष्ट लिहिलेली आहे. रेशनच्या पोत्यापाशी मात्र ओल, खडे, किडके दाणे पाहून काम भागते. पाण्याचा कागद एका खात्यात, मातीचा दुसऱ्यात, धान्याचा तिसऱ्यात, रोग्याचा चौथ्यात. पोट मात्र एकच.

या अंकातले लेख म्हणूनच माती, पाणी, धान्य आणि दवाखाना यांभोवती मागवले. कवितांची पाने त्यामुळे कमी झाली, कवींनी राग धरू नये. आमची मागणी छोटी आहे. सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर तिच्या पाण्यातले क्षार आणि नायट्रेट किती, हे रंगवून लिहावे. रेशनच्या दुकानात गहू कोणत्या राज्यातला, ही पाटी लागावी. तपासणीचे अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावेत, कारण रक्त गावाचे होते.

सोयाबीन निघाले आहे, हरभऱ्याला अजून थोडा अवकाश आहे. मातीचा नमुना घ्यायला हीच वेळ. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडून शेतात चार-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरा. प्रयोगशाळेत देताना सोडियमची तपासणी वेगळी मागा. फी थोडी जास्त पडेल. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहेच. जवळच्या प्रयोगशाळेत होत नसेल तर तिकडे चौकशी करा.