गोळ्या मध्येच का बंद होतात?

मी सामाजिक कार्यकर्ता आहे. गोळी लिहून देणं किंवा बंद करणं माझं काम नाही. पण ती कशी काम करते, हे मला माहीत असलंच पाहिजे.

मुळशीतल्या जांबेसारख्या गावातून येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं, तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, दिवसाची मजुरी बुडते. तरीही आणलेल्या गोळ्या अनेकदा पंधरा दिवसांत कपाटात पडतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; मळमळ, सुस्ती मात्र आधी जाणवते. हे घरच्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

रमजानमध्ये जास्त जपावं लागतं. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. म्हणून रोज्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळ्यांच्या वेळा मनाने बदलू नका. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच.

दुआ जरूर करा, पण दवा सोडू नका. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

मित्रांनो, वस्तीत रेशन किट द्यायला जाता, तेव्हा ओळखीच्या घरी हळूच विचारा : गोळ्या चालू आहेत ना? त्रास होतोय का? होत असेल तर डॉक्टरांकडे सोबत जा. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, हेही सांगा.