वाट विकणारे आणि वाट दाखवणारे

‘आपली शिकलेली मुले परदेशी गेली, की गावाचे काय उरणार?’ हा प्रश्न हल्ली आपल्या सभा-संमेलनांतून मोठ्या कळवळ्याने विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु ज्यांच्याविषयी हा कळवळा, त्या मुलांना मात्र कोणी काही विचारीत नाही. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन जो मुलगा दीड-दोन वर्षे घरी बसून आहे, किंवा पुण्यात एका खोलीत पाच-सहाजणांबरोबर राहून मुलाखतीच्या निरोपाची वाट पाहतो आहे, त्याच्या दृष्टीने ही सारी चर्चा निव्वळ वाग्विलास आहे. जावे की राहावे हा प्रश्न पुढचा. त्याला मुळात जाण्याची वाटच ठाऊक नाही. आणि ज्याला वाट ठाऊक नाही, त्याला वाट विकणारा कोणीतरी भेटतोच. त्या विक्रेत्यांविषयी, आणि त्यांना मोकळे रान देणाऱ्या आपल्या स्वस्थतेविषयी, आज स्पष्ट बोलणे भाग आहे.

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये निघाली. सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण भागात जे बळ निर्माण केले होते, त्याच बळावर ही दारे उघडली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तोवर इंजिनिअर होणे ही पुण्या-मुंबईच्या मुलांची मिरास होती. गेल्या चाळीस वर्षांत शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कारखान्यातील कामगारांची हजारो मुले येथून पदवी घेऊन बाहेर पडली.

परंतु पदवी आणि नोकरी यांच्यामधील ओढ्यावर पूल मात्र कोणी बांधला नाही. मोठ्या पगाराच्या कंपन्या निवडीसाठी आधी पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत जातात. आपल्याकडे ज्या येतात, त्यांचा नवख्या अभियंत्याला दिला जाणारा वार्षिक पगार साडेतीन लाखांच्या आसपास दहा-बारा वर्षे जवळजवळ जागच्या जागी आहे. महाविद्यालयाचे शुल्क, हिंजवडीचे खोलीभाडे आणि डाळ-तांदळाचे भाव मात्र जागचे हलले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. त्यातही शाश्वती नाही. देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील किती घरांत त्या रात्री झोप लागली नसेल!

‘हुशार मुलगा स्वतःच वाट काढतो,’ असे म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. हे वचन ऐकायला गोड, पण खोटे आहे. पुण्याच्या सुखवस्तू वस्तीतील मुलाचा मामा कॅलिफोर्नियात असतो, शेजारी जर्मनीत असतो, वडिलांचा मित्र कंपनीत व्यवस्थापक असतो. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, कोणते काम शिकून घ्यावे, कोणत्या देशाचा व्हिसा मिळतो, हे तो जेवताना ऐकतो. त्याला ते शिकवावे लागत नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबांत पहिला पदवीधर हाच पहिला संगणक अभियंता असतो. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबले, वडील शाळेत शिपाई किंवा कारखान्यात हंगामी कामगार. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती दलित ख्रिस्ती बांधवांना नाकारल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्या आदेशात समाविष्ट झाले, आपण बाहेरच राहिलो. अशा घरातील मुलाकडे बुद्धी असते, कष्टांची सवय असते. नसते ती फक्त ओळख. आणि ओळख नसणे म्हणजे गुणवत्ता नसणे नव्हे.

या उणिवेवरच एक बाजार उभा राहिला आहे. ‘परदेशात खात्रीने नोकरी’ अशी पाटी लावून बसलेले सल्लागार आता तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत. आधी नोंदणीचे पैसे, मग ‘प्रशिक्षणा’चे, मग ‘फाइल’चे, मग व्हिसाचे. माझ्या माहितीतील एका कुटुंबाने मुलासाठी एकरभर जमीन गहाण टाकली. हाती आले ते एका बनावट कंपनीचे नियुक्तिपत्र. पोलिसांत जा म्हटले, तर आई म्हणाली, ‘फादर, लोक हसतील.’ फसवणारा उजळ माथ्याने फिरतो आणि फसलेला तोंड लपवतो, ही आपल्या समाजाची रीत झाली आहे.

वाचकहो, हा मुकादमच नव्हे काय? पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुरांना मुकादम उचल देतो आणि त्या उचलीपायी नवरा-बायकोचा कोयता हंगामभर बांधला जातो. परदेशी नोकरीचा दलाल त्याहून वरचढ निघाला. मुकादम निदान पैसे आधी देतो. हा आधी घेतो. संगणकासमोर बसणारा मुलगा आणि फडात वाकलेला त्याचा बाप यांच्यामध्ये एवढे शिक्षण झाले, पण दोघांच्याही कामाची किल्ली तिसऱ्याच्याच कंबरेला राहिली.

हा बाजार कोठवर नेतो, तेही पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला, की थायलंडमध्ये चांगल्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून संगणकाचे ज्ञान असलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात आहे. तेथे त्यांना कोंडून ठेवून इंटरनेटवरून लोकांना लुबाडण्याच्या कामाला जुंपले जात होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. ही मुले मूर्ख नव्हती. नियुक्तिपत्र खरे की खोटे, हे विश्वासाने विचारावे असे माणूस त्यांच्या गावात नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

कायदा अगदीच आंधळा आहे असे नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाने सरकारदरबारी नोंदणी करणे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने बंधनकारक केले आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्कावर ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली गेली. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पण ही गोष्ट आपल्यापैकी किती धर्मग्रामांत मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये सांगितली गेली? सहलीची वर्गणी आणि क्रिकेट सामन्यांच्या तारखा मात्र आपण न चुकता सांगतो.

आता ‘गावाचे काय उरणार’ या मूळ आक्षेपाकडे वळू. या जिल्ह्याने फादर हर्मन बाकर यांचे पाणलोटाचे काम पाहिले आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपले आयुष्य येथील कोरड्या माळांसाठी वेचले. त्यांचाच दाखला देऊन काहीजण म्हणतात, ‘पाणी अडवतो तशी बुद्धीही गावातच अडवली पाहिजे.’ दृष्टान्त चांगला, पण अपुरा. अडवलेले पाणी जमिनीत जिरते, कारण खाली जमीन असते. ज्या गावात सॉफ्टवेअरचे एकही काम नाही, तेथे अडवलेली बुद्धी जिरत नाही, सडते. भंडारदऱ्याचे पाणीही दार उघडून कालव्यात सोडले, तेव्हाच प्रवरेकाठ हिरवा झाला.

आणखी एक विसंगती सांगतो. आपली मुलगी परिचारिका होऊन आखातात किंवा युरोपात गेली, की आपण तिच्यासाठी उपकारस्तुतीची मिस्सा ठेवतो. तिने पाठवलेल्या पैशातून घर बांधले जाते, धाकट्यांची शिक्षणे होतात. तेव्हा गाव ओस पडल्याची हाकाटी कोणी करीत नाही. मग संगणक अभियंत्याच्या वेळीच ही चिंता कोठून येते? आणि तीच मुलगी संगणक अभियंता झाली, तर कित्येक पालकांना आखात जवळ आणि हिंजवडी दूर कशी वाटू लागते?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमाच्या शोधात देश सोडण्याचा आणि परत येण्याचाही माणसाचा हक्क मान्य केला. त्यात मायदेशाची हानी होते, हेही त्यांनी लपवले नाही. २०२३ च्या स्थलांतरितांच्या दिनासाठी पोप फ्रान्सिस यांनी निवडलेला विषय होता तो जाण्याच्या किंवा राहण्याच्या निवडीचे स्वातंत्र्य हा. निवडीचे स्वातंत्र्य तेव्हाच खरे, जेव्हा दोन्ही वाटा ठाऊक असतात. अज्ञानामुळे गावात राहिलेला तरुण गावावर प्रेम करतो असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे.

इतरांनी काय केले, तेही पाहावे. केरळ सरकारने परदेशी नोकऱ्यांसाठी स्वतःची भरती संस्था १९७७ सालीच काढली. आफ्रिकेत नायजेरियातील लागोस शहरी २०१४ मध्ये ‘अँडेला’ ही कंपनी निघाली. जगाने दुर्लक्षिलेल्या त्या भागातील तरुणांना शिकवून तिने अमेरिकेतील कंपन्यांची कामे त्यांना घरबसल्या मिळवून दिली. पण २०१९ मध्ये तिने सुमारे चारशे नवख्या अभियंत्यांना कमी केले, कारण परदेशी कंपन्यांना अनुभवी माणसेच हवी होती. हा धडा आपल्या मुलांना कोणी तरी स्पष्ट सांगितला पाहिजे. पदवी मिळताच थेट परदेश, हे स्वप्न बहुतेक वेळा दलालाच्याच दुकानात विकले जाते. आधी दोन-तीन वर्षे पुण्यात किंवा बंगळूरला मन लावून काम, मग बाहेरची वाट, हा क्रम अधिक खात्रीचा. उलट बाजूने, तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यात ‘झोहो’ कंपनीने २०११ पासून कार्यालय चालवून दाखवले, की जगाला विकले जाणारे सॉफ्टवेअर खेड्यातही घडते. ज्याला गाव सोडायचे नाही, त्याच्यासाठीही वाट आहे.

देशांच्या वाटाही बदलत असतात. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसामर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०२३ पासून संगणक क्षेत्रातील तीन वर्षांच्या अनुभवी माणसाला पदवीवाचूनही तेथील ‘ब्लू कार्ड’ मिळू शकते. एक दार बंद होते, दुसरे किलकिले होते. हे सांगणारा निःस्वार्थी माणूस हवा. पैसे घेणारा तर बंद दारही उघडेच आहे म्हणून विकेल.

मग आपण काय करावे? धर्मग्रामाने नोकऱ्या वाटाव्यात असे मी म्हणत नाही. ते आपले काम नव्हे आणि आपल्याला झेपणारही नाही. पण चार गोष्टी एका पैशाच्या देणगीवाचून होण्यासारख्या आहेत. आपल्या गावातून पुणे, मुंबई, आखात, जर्मनी, कॅनडा येथे गेलेल्यांची यादी करावी. त्यांतील प्रत्येकाने एका मुलाला किंवा मुलीला वर्षभर आठवड्यातून एक तास द्यावा. इंग्रजीतून मुलाखतीचा सराव घ्यावा, बायोडेटा तपासावा. शाळेची संगणक-खोली संध्याकाळी आणि सुट्टीत उघडी ठेवावी. सर्वांसाठी खुल्या असलेल्या आज्ञावलींवर काम करून ते ‘गिटहब’वर जगासमोर ठेवण्याची सवय मुलांना लावावी, तेथे महाविद्यालयाचे नाव कोणी विचारीत नाही, काम पाहतात. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला तो याच तत्त्वावर. त्यात निवड झालेल्याला घरी बसून केलेल्या कामाचे मानधन मिळते, त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. आणि शेवटचे, कोणतेही नियुक्तिपत्र आले, तर पैसे भरण्यापूर्वी ते दोन जाणत्या माणसांना दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा दंडकच घालावा.

इंग्रजीचा आग्रह धरला, की मराठीचे काय, असा आक्षेप येईल. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून आले, मराठी शिकले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. इंग्रज माणूस मराठी शिकून आपली मातृभाषा गमावून बसला नाही. आपली मुले मुलाखतीपुरती इंग्रजी शिकली म्हणून मराठी गमावणार नाहीत. मराठी गमावली जाईल ती घरात बोलणे बंद झाल्याने, आणि त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला लाखो भाविक येतात. खेळण्यांची, मेणबत्त्यांची, मिठाईची दुकाने लागतात. तेथे एक साधे टेबल मांडावे, त्यावर पाटी असावी: ‘परदेशी नोकरीची कागदपत्रे विनामूल्य तपासून मिळतील.’ आपल्याच दोन अनुभवी अभियंत्यांनी तेथे दोन दिवस बसावे. याला ना परवानगीची अडचण, ना खर्चाची. तेवढेही आपल्याकडून होणार नसेल, तर परदेशी जाणाऱ्या मुलांना गावाविषयीचे कर्तव्य शिकवण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.