तिच्या प्रार्थनेला परवानगी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्यावरची वारली बाई डहाणू रोडला माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला जमातीचा दाखला होता. तक्रार जमिनीची नव्हती, मजुरीचीही नव्हती. दर रविवारी तिच्या झोपडीत आठ-दहा माणसे जमून येशूची प्रार्थना करतात. बाहेरून आलेल्या काही तरुणांनी तिला दम दिला होता. प्रार्थना बंद कर, नाहीतर तुझा दाखला रद्द करू, पोरांची आश्रमशाळाही सुटेल! ‘साहेब, खरंच असं होईल का?’ एवढेच तिला विचारायचे होते.

मी तिला कायदा सांगितला. अनुसूचित जातींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशात ती अट नाही. केवळ धर्म बदलला म्हणून आदिवासीचे आदिवासीपण संपत नाही. जमातीशी नाते आणि चालीरीती तुटल्या आहेत का, हे पुराव्याने पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा, ही मागणी काही संघटना करीत आहेत. पण मागणी म्हणजे कायदा नव्हे.

मग मी विचारले, ‘बाई, येशूकडे कशा वळलात?’ तिने जे सांगितले ते आपल्या चळवळीने ऐकले पाहिजे. तिचे मूल तापाने गेले. पाठोपाठ शेजाऱ्याचा बैल मेला. भगताने तिला भुताळी ठरवले. पाड्याची दारे बंद झाली. त्या दिवसांत शेजारच्या गावातली एक ख्रिस्ती बाई तिच्या ओटीवर येऊन बसली आणि तिच्या हातचे पाणी प्यायली. ‘तिथं मला कुणी भुताळी म्हटलं नाही. माझी भीती गेली,’ असे ती म्हणाली.

मी बौद्ध आहे. ईश्वर मानत नाही, आत्मा मानत नाही, तारणहारही मानत नाही. तरीही ‘माझी भीती गेली’ हे तीन शब्द मला परके वाटले नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर माझ्या आजोबांनी देव्हारा घराबाहेर काढला, तेव्हा तेही हेच म्हणाले होते. मार्ग वेगळा होता, पण मान वर करण्याचा अनुभव तोच होता. त्या अनुभवाला आमिष म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याच मुलखात १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. वेठबिगार मोडली, लग्नगडीची गुलामी मोडली. सावकाराची भीती गेली, पण भगताची भीती कित्येक पाड्यांवर राहिलीच. विज्ञानवादी धम्माचे वारस म्हणवणारे आपण तेव्हा कुठे होतो? जयंतीच्या मिरवणुका काढल्या, विहारे बांधली, पण पाड्यावर किती वेळा गेलो? ती बाई आपल्याकडे आली नाही, कारण आपण तिच्याकडे गेलो नाही. हा दोष चर्चचा नाही.

चर्चलाही प्रश्न विचारले पाहिजेत. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण आहे, असे त्यांनी सांगितले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात चर्चमध्येही सुटत नाही आणि अन्यायाविरुद्ध तो संघटितपणे उभा राहत नाही, हेही त्यांनी तितक्याच परखडपणे मांडले. आत्म्याच्या मुक्तीचे गाणे गाणाऱ्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यासाठीही त्या बाईबरोबर तहसीलची पायरी चढली पाहिजे. वारल्यांचा हिरवा, वाघदेव, लग्न लावणारी धवलेरी यांना सैतानी ठरवून कोणी मुक्त होत नाही. एक भीती काढून दुसरी बसवणे म्हणजे मुक्ती नव्हे.

पण हा वाद विचारांचा आहे. त्यात दंडुक्याला जागा नाही. धाक, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर घडवणाऱ्याला जरूर शिक्षा व्हावी. मात्र त्या नावाखाली मनाच्या दारावर सरकारी शिपाई बसवला जातो, हा अनुभव फार लांबचा नाही. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागते. तिथल्या २००३ च्या कायद्यानुसार धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून बजावले की, हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायचे असेल तरी ही परवानगी घ्यावी लागेल.

बंधूंनो, हे नीट वाचा. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा बागुलबुवा दाखवून उभारलेले कुंपण आपल्याच दीक्षाभूमीभोवती येऊन थांबले! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जमलेल्या लाखोंनी कलेक्टर कचेरीत अर्ज भरून महिनोन् महिने वाट पाहिली असती काय? धम्म स्वीकारल्याची किंमत आपण जाणतो. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! दलित ख्रिस्ती तर अजूनही त्या दाराबाहेर आहेत.

संविधानाच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते, धर्माचे आचरण नंतर. आधी माणसाचे मन, मग त्याचा देव. किंवा देव नाकारण्याचा त्याचा हक्क. ती बाई येशूची प्रार्थना करते, उद्या कदाचित बुद्धाला वंदन करील, कदाचित हिरव्याकडे परत जाईल. निवड तिची आहे. पुढच्या रविवारी तिच्या झोपडीपुढे कोणी दांडगाई करायला आले, तर निळा झेंडा घेतलेली चार माणसे तिच्या ओटीवर बसलेली दिसली पाहिजेत. तिच्या देवासाठी नव्हे, तर बाबासाहेबांनी ज्या हक्काने आपल्याला धम्म दिला, त्या हक्कासाठी.

जयभीम!