आंबोलीच्या रानातील आवाज

प्रसारमाध्यमांची विश्वासार्हता ओसरल्याची तक्रार आज घरोघरी ऐकू येते. ही विश्वासार्हता मुळात निर्माण कशी होते, याचा विचार मात्र अभावानेच होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कोल्हापूरकरांना फार दूर जावयास नको. पावसाळ्यात ज्या आंबोलीला आपण धबधबा पाहावयास जातो, त्याच आंबोलीच्या रानात एका अद्वितीय नभोवाणी केंद्राचा जन्म झाला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. सीमा बंद झाली. गोव्यातील वृत्तपत्रांवर सालाझारशाहीचे पूर्वनियंत्रण होतेच. अशा कोंडलेल्या गोमंतकीयांपर्यंत सत्य पोहोचविण्यासाठी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे प्राण. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्यासोबत होते.

या केंद्राची यंत्रसामग्रीही बोलकी होती. ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा तेथे पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती आले. त्यांतूनच हे प्रक्षेपण उभे राहिले. त्या मुक्तिसंग्रामात स्वयंसेवकांसह उतरलेले सुधीर फडके हे याच करवीरनगरीचे सुपुत्र, ही गोष्ट आपल्यासाठी विशेष अभिमानाची.

लिबिया लोबो यांचा पूर्वायुष्यक्रमही लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, कायद्याचे शिक्षण घेतले. परसत्तेसाठी सेन्सॉरचे काम केलेल्या याच तरुणीने पुढे दुसऱ्या परसत्तेची सेन्सॉरशिप मोडून काढली!

आधी आंबोली, नंतर कॅसलरॉक. रानात, एका ट्रकमधून, पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत रोज प्रक्षेपण होई. सहा वर्षे हे व्रत चालले. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईच्या तोंडावर पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला शरणागतीचे आवाहन याच केंद्रावरून केले गेले. शत्रूने शस्त्रे खाली ठेवल्यावर या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, गोमंतकाला स्वातंत्र्याची वार्ता दिली. १९६४ मध्ये, गोवा मुक्तिदिनीच, ते विवाहबद्ध झाले.

हे केंद्र निःपक्षपाती नव्हते. त्याने आपली बाजू कधी लपविली नाही. तरीही त्याचे मोल मोठे, कारण त्याचा श्रोता प्रत्यक्ष गोव्यात बसलेला होता. गावात काय घडले, हे तो स्वतः पाहत होता. तेथे एक असत्य उघडे पडले असते, तर शंभर सत्ये व्यर्थ गेली असती. बाजू घेणे हा पत्रकारितेचा दोष नव्हे. त्या बाजूसाठी खोटे बोलणे हा दोष होय. आज वातानुकूलित स्टुडिओत आरडाओरडा करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

मात्र बोट केवळ वाहिन्यांकडे दाखवून आपली सुटका नाही. आता प्रत्येकाच्या खिशात एक प्रक्षेपण केंद्र आहे. ‘आपल्या बाजूचा’ म्हणून आलेला संदेश न पडताळता पुढे पाठविणारा कार्यकर्ता आपल्याच कार्याची पत घालवीत असतो. संघटनेचा शब्द समाजात चालतो तो तिच्या सत्यनिष्ठेवर, संदेशांच्या संख्येवर नव्हे.

२०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, लिबिया लोबो-सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली. कृतज्ञता व्यक्त करण्यास राष्ट्राला सहा दशके लागली. आपण तरी विलंब करू नये. पुढच्या वेळी आंबोलीला जाल, तेव्हा धबधब्यापाशी घटकाभर थांबून मुलाबाळांना या आवाजाची कथा अवश्य सांगा.