भूक अंतराने मोजावी की तासांनी?

दौऱ्यावरील केंद्रीय कर्मचाऱ्यास भोजनखर्च मिळतो. मुख्यालयाबाहेर सहा तासांहून कमी काळ असल्यास ३० टक्के, बारा तासांपर्यंत ७० टक्के व त्यापुढे संपूर्ण. म्हणजे वेळेबरोबर भूक वाढते, हे शासनास मान्य आहे. मग संसदेच्या प्रश्नोत्तरांसाठी दिल्लीतच, आपल्या मेजापाशी रात्री दहापर्यंत बसणाऱ्या कर्मचाऱ्यास हे तत्त्व का लागू नसावे? सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार २०१८ साली काही वर्ग वगळता अतिकालिक भत्ताही बंद झाला.

त्या भत्त्याचा दुरुपयोग होई, हे मीही पाहिले आहे. पण जेवणाच्या ताटाचा दुरुपयोग तो किती होणार? अर्थशास्त्र सांगते की, जो खर्च हिशेबात दिसत नाही तो नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी खिशावर पडतो. येथे तो सर्वांत कनिष्ठाच्या खिशावर पडतो.

उपाय साधा आहे. लेखी आदेशाने रात्री आठनंतर थांबविलेल्या प्रत्येकास विभागीय कँटीनमधून जेवण द्यावे. आणि दौऱ्याच्या भोजनखर्चात २०१७ साली ठरलेला १२०० व ५०० रुपये असा श्रेणीभेद येथे नसावा. सचिवाचे व शिपायाचे ताट एकच असावे.